प्रौढ साक्षरतेचा वर्ग मार्चनंतरही चालू राहावा म्हणून राज्याने काय करायचं

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचं आणि सगळं गाव लिहू-वाचू लागलं की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची रीत होती. पुढे ती राज्यभर गेली, युनेस्कोनेही तिची दखल घेतली. पण त्या मोहिमेने एक कडू धडाही दिला. समारंभाचा मांडव उतरला आणि हाती वाचायला काही उरलं नाही, तेव्हा शिकलेली कितीतरी माणसं पुन्हा अंगठ्यावर आली.

साठ-पासष्ट वर्षांनी दुखणं तेच आहे. राज्याचं बळ नोंदणीच्या पंधरवड्यात आणि मार्चमधल्या परीक्षेच्या दिवशी खर्ची पडतं. वर्ग मोडतो तो मात्र तिसऱ्या महिन्यात, आणि अक्षर विसरतं ते परीक्षेनंतरच्या वर्षात. या दोन जागा कशा सांभाळायच्या, ते सातारा-सांगलीच्या गावांना समोर ठेवून इथे मांडलं आहे. राज्य आणि जिल्हा पातळीवर योजना आखणाऱ्यांना ते उपयोगी पडेल, तसंच आपल्या गावात वर्ग चालवणाऱ्यांनाही.

यादी खरी करा

दोन्ही जिल्ह्यांची साक्षरता २०११ च्या जनगणनेत ८० टक्क्यांच्या वर होती. या आकड्यानेच घात होतो. २००९ मध्ये केंद्राची साक्षर भारत योजना आली तेव्हा प्रौढ स्त्रियांची साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी असलेले जिल्हे निवडले गेले. सातारा-सांगली त्या कसोटीत बसणं शक्यच नव्हतं. कराड, वाळवा, मिरजेच्या सरासरीखाली माण, जत, आटपाडीच्या वस्त्या झाकल्या गेल्या. म्हणून राज्याने जिल्हा हे एकक धरूच नये, तालुकाही मोठा होतो. वस्ती धरावी: धनगरवाडा, कोयनाकाठची वाडी, वीटभट्टी, साखर कारखान्याचं थळ, म्हणजे ऊसतोड टोळ्यांचा तळ.

उल्लास, म्हणजे केंद्राच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरच्या निरक्षरांची नोंदणी ॲपवर होते आणि शाळा हे एकक धरलं जातं. गुरुजींना उद्दिष्ट मिळतं आणि आकडा भरायची घाई होते. मग चौथी शिकलेली बाई निरक्षर म्हणून नोंदली जाते, कारण ती परीक्षेत नक्की पास होणार असते. खरी निरक्षर म्हातारी यादीच्या बाहेर राहते.

यावर उपाय पाच मिनिटांचा आहे. नोंदणीआधी प्रत्येकापुढे तीन कामं ठेवा. एसटीच्या पाटीवरची ओळ वाचायची, स्वतःचं नाव आणि गाव लिहायचं, आणि सांगितलेली रक्कम आकड्यात लिहायची, समजा सातशे पाच. तिन्ही जमलं तर तो माणूस वर्गाचा विद्यार्थी नव्हे, कदाचित शिकवणारा होईल. एखादंच जमलं तर ‘अर्धसाक्षर’ अशी वेगळी खूण करा. त्याला निम्म्या वेळात पुढे नेता येतं आणि तो पहिल्या धड्यावर कंटाळून निघून जात नाही. फक्त सही येते म्हणून कुणाला साक्षर धरू नका. बऱ्याच बायकांची सही म्हणजे पाठ केलेलं चित्र असतं. त्यातलं मधलं अक्षर एकटं काढून दाखवलं की ओळखता येत नाही. आणि उद्दिष्ट वस्तीच्या खऱ्या यादीवरून ठरवा, यादी उद्दिष्टावरून बनवू नका.

अक्षरांआधी डोळे

‘माझ्या डोक्यात शिरत नाही’ म्हणून दुसऱ्या आठवड्यात वर्ग सोडणाऱ्यांत चाळिशीपुढच्या बायका जास्त असतात. त्यांपैकी अनेकींच्या डोक्यात काही कमी नसतं, त्यांना जवळचं दिसत नसतं. आयुष्यभर वाचलंच नाही, त्यामुळे चाळिशी लागल्याचं कळलेलंच नाही. ओळखायला एक प्रश्न पुरतो: “आक्का, सुईत दोरा कोण ओवून देतं?” नात देते असं उत्तर आलं, की आधी चष्मा, मग पाटी.

ढोबळ अंदाजाने ४० ते ४५ वयाला अधिक १.००, पन्नाशीपर्यंत अधिक १.५०, पंचावन्नपर्यंत अधिक २.०० आणि त्यापुढे अधिक २.५० नंबरचा तयार चष्मा लागतो. छापील पान सव्वा फुटावर धरून बघायचं. डोकं दुखलं किंवा कागद नाकाशी न्यावा लागला तर नंबर चुकला आहे. तयार चष्मा हा पहिला टेकू समजा. मोतीबिंदू, मधुमेह असेल तर ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र तपासणीला पाठवायलाच हवं. राज्याने आरोग्य विभागाला एवढंच लेखी कळवावं की वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या पंधरवड्यात प्रत्येक नोंदणी झालेल्या वस्तीवर तपासणी झाली पाहिजे, आणि चष्म्याचा खर्च साक्षरतेच्या लेखाशीर्षातून पडेल. प्रवेशिकेच्या, म्हणजे वर्गाच्या वाचनपुस्तकाच्या, छपाईपेक्षा हा खर्च जास्त उपयोगी पडतो, असं आमचं ठाम मत आहे.

प्रवेशिकाही त्याच डोळ्यांनी बघा. पहिल्या भागात अक्षर २४ पॉइंटचं, शेवटच्या भागात १८ च्या खाली नको. फिक्या रंगावर फिकं छापू नका. समाजमंदिरात पिवळा मिणमिणता दिवा असेल तर १२ वॉटचे दोन एलईडी बल्ब लावा, एक फळ्यावर आणि एक बसणाऱ्यांच्या मागून, म्हणजे वहीवर स्वतःच्याच डोक्याची सावली पडणार नाही.

दोनशे तास कुठून आणायचे

पायाभूत साक्षरतेसाठी साधारण २०० तास धरले जातात. दररोज दीड तास, आठवड्याला पाच दिवस म्हणजे साडेसात तास. म्हणजे २७ आठवडे. चारच दिवस जमले तर ३४ आठवडे. हा हिशेब नोंदणीच्या दिवशीच सांगून टाका. ‘तीन महिन्यांत वाचायला शिका’ असं सांगून बोलावलेली माणसं चौथ्या महिन्याला फसवल्यासारखी निघून जातात.

राज्याने एकच वेळापत्रक काढलं तर ते कुणालाच लागू पडत नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे जुलैत भातलावणी असते, त्या महिन्यात संध्याकाळी कुणाच्या अंगात बसायचं त्राण नसतं. माण, खटाव, जतला सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारीची पेरणी, फेब्रुवारीत काढणी. तासगाव पट्ट्यात ऑक्टोबरची छाटणी, मग फेब्रुवारीपासून द्राक्ष आणि बेदाणा, एप्रिलला खरड छाटणी. कराड-वाळव्याकडे नोव्हेंबर ते मार्च ऊस. त्यात चैत्रातल्या जत्रा आहेत, आषाढीच्या आधी लोणंद-फलटण वाटेवरची माऊलींची पालखी आहे. वर्षाचं कॅलेंडर तालुक्याने करावं, राज्याने फक्त २०० तास पुरे झाले का ते बघावं. सुट्टी आधीच जाहीर केलेली असली की माणसं परत येतात. न सांगता चार दिवस बंद पडलेला वर्ग सहसा उठत नाही.

वेळ विचाराल तर भाकरी-भांडी उरकल्यावर, रात्री आठ ते साडेनऊ. बायका दुपारी दोन ते साडेतीन मागत असतील तर तीच ठेवा. जागा निवडताना शाळा जवळ आहे म्हणून शाळा, असं करू नका. शाळेची किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी राहतात, हा अनुभव सगळीकडचा. अमक्या देवळाच्या सभामंडपात काही घरं यायला कचरतात, हेही गावाला माहीत असतं. सगळे बेधडक उंबरा ओलांडतील अशी जागा हवी, आणि तिथपर्यंतच्या वाटेवर दिवा हवा. वाटेवरच्या अंधारानं आणि कुत्र्यांनी किती वर्ग मोडले, ते कुठल्याच अहवालात येत नाही.

शिकवायला कोण

सध्याच्या कार्यक्रमात स्वयंसेवक बिनमोबदला शिकवतो. ही भावना मोठी आहे, आणि शिकवण्याच्या दानाला या जिल्ह्यांत जुनी परंपराही आहे. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. त्या सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. पण परंपरेच्या भरवशावर २७ आठवडे निघत नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास भरायचे असतात. म्हणजे एक विद्यार्थी एक वर्ग पुरा करूच शकत नाही. त्यामुळे जोडी लावा: एक वस्तीवरची सून किंवा मुलगी, दहावी-बारावी झालेली, आणि एक कॉलेजचा विद्यार्थी. सून रोजचा वर्ग धरून ठेवते, विद्यार्थी आठवड्याला दोन दिवस येऊन गणित आणि मोबाइल घेतो. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत सातारा आणि सांगली दोन्ही येतात, तेव्हा महाविद्यालयांशी एकच करार पुरतो. त्या तासांना श्रेयांक द्यायचं पत्र मात्र जूनमध्येच निघायला हवं, दिवाळीनंतर नव्हे.

एका शिकवणाऱ्यामागे दहाच्या वर माणसं देऊ नका, आठ उत्तम. प्रौढांना प्रत्येकाच्या हाताशी बसून शिकवावं लागतं.

मोबदल्याबाबत स्पष्ट बोलायला हवं. साक्षर भारत योजनेत ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षण केंद्रात दोन प्रेरक होते, त्यांना महिना २००० रुपये मानधन होतं, आणि अनेक राज्यांत ते महिनोन्महिने थकलं. मानधन थकलं की वर्ग कागदावरच चालतो. तेव्हा जेवढं वेळेवर देता येईल तेवढंच कबूल करा, पण द्या. पास झालेल्या डोक्यांवर पैसे देऊ नका, त्याने परीक्षेत दुसऱ्याच्या हातून पेपर लिहिले जातात. भरलेल्या वर्गाच्या संध्याकाळींवर द्या. पुरावा म्हणून शिकणाऱ्यांनी रोज स्वतःच्या हाताने तारीख घालून सही केलेलं हजेरीपत्रक घ्या. ते पत्रकच प्रगतिपुस्तक होतं. पहिल्या महिन्यातली कापरी, रेघेबाहेर गेलेली सही चौथ्या महिन्यात रेघेवर बसलेली दिसते, आणि असं पत्रक बनावट करायला फार अवघड असतं.

प्रशिक्षण पाच दिवस एकदम देण्यापेक्षा सुरुवातीला दोन दिवस, मग दर महिन्याला एक दिवस असं वाटून द्या. स्वयंसेवकाला खऱ्या अडचणी तिसऱ्या आठवड्यानंतर कळतात, तोपर्यंत पहिलं प्रशिक्षण विसरलेलं असतं. आणि तालुक्याला एक पूर्णवेळ समन्वयक हवाच. ज्याच्याकडे पोषण आहार, शिष्यवृत्ती आणि साक्षरता एकत्र आहे, त्याच्याकडे साक्षरता तिसऱ्या नंबरावरच राहणार. समन्वयकाने आठवड्यातून तीन रात्री वर्गांवर जायचं, न कळवता. गाडीभत्ता त्याच हिशेबाने ठेवा.

पहिले सहा आठवडे

वर्ग टिकतो की मोडतो ते इथे ठरतं, म्हणून जरा सविस्तर.

खुरप्याला, कोयत्याला सरावलेला हात पेन्सिल कोयत्यासारखीच आवळतो. टोक मोडतं, कागद फाटतो, आणि माणूस ओशाळतो. पहिले दोन आठवडे वही काढूच नका. फरशीवर जाड खडूने, मग पाटीवर. अंगठा आणि दोन बोटं पकडायला शिकली की दुरेघी वही आणि मऊ शिशाची पेन्सिल द्या. आकड्यांना चौकटीची वही. दहा जणांच्या वर्गाला २० दुरेघी वह्या, १० चौकटीच्या, १० पाट्या, चार डझन पेन्सिली, तीन बाय चार फुटांचा गुंडाळता येणारा फळा आणि एक मोठं जाजम एवढं लागतं. हे सामान वर्गाच्या पहिल्या दिवशी वस्तीवर असावं.

सुरुवात स्वतःच्या नावाने. प्रत्येकाचं नाव पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, तो पुठ्ठा रोज शोधून आपल्या जागी ठेवायचा. चार दिवसांत शेजारणीचं नावही ओळखता येऊ लागतं, कारण कमल आणि विमल यांचं शेपूट सारखं. तिथून अक्षरं आकाराच्या भावकीने घ्या: ग, म, भ, न एकत्र, र, स, ख एकत्र, व, ब, क एकत्र. अ-आ-इ-ई पासून सुरू केलं तर महिनाभर एकही कामाचा शब्द वाचता येत नाही.

छापील प्रवेशिकांत जोडाक्षरं शेवटी येतात. पण बाईच्या हातात पडणारा पहिला कागद कुठला असतो? अर्ज. कर्ज. वर्ग. खर्च. सगळ्यांवर रफार. मग ‘ग्रामपंचायत’मधला पोटातला र, ‘ट्रॅक्टर’मधला पायाखालचा र, ‘शेतकऱ्यांना’मधला तिसराच. ‘र’ची ही रूपं शेवटच्या पानापर्यंत थांबवू नका. चौथ्या आठवड्यात फळ्यावर फक्त ‘अर्ज’ लिहा आणि सांगा की डोक्यावरची ती आकडी म्हणजे आधी म्हणायचा र. पुढच्या दिवशी प्रत्येकाने घरातला एक सरकारी कागद आणायचा आणि त्यावरचे सगळे रफार पेन्सिलीने गोल करायचे. त्या एका संध्याकाळनंतर कागदाची भीती निम्मी उतरते.

गणितात उलटं आहे. प्रौढ माणूस हिशेबात अडाणी नसतो, त्याला फक्त लिहिता येत नाही. माणदेशी महिला बँकेचं उदाहरण सगळ्या प्रशिक्षणांत सांगावं. म्हसवडच्या बायकांचा बँकेचा अर्ज रिझर्व्ह बँकेने आधी नाकारला, कारण प्रवर्तक निरक्षर. त्या परत आल्या, लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या, आणि कुठल्याही मुद्दलावरचं व्याज कॅल्क्युलेटरशिवाय सांगतो म्हणून अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. १९९७ मध्ये बँक सुरू झाली.

तेव्हा मोजायला शिकवत बसू नका, तोंडी हिशेब कागदावर कसा उतरतो ते शिकवा. अडचण येते ती मराठी आकड्यांच्या नावांत. ‘एकोणतीस’ ऐकलं की हात ३९ लिहितो, कारण कानावर ‘तीस’ पडतं. ‘एकोणपन्नास’चं ५९ होतं. नियम सांगू नका, नोटा मोजून दाखवा: तीन दहाच्या नोटांतून एक रुपया परत घेतला, उरले किती, दहा-दहाचे गठ्ठे किती? दोन. मग पहिला आकडा २. आठ दिवस रोज पाच मिनिटं हा एकच खेळ पुरतो. ४ आणि ५ चे मराठी व इंग्रजी आकार दोन्ही एकदमच शिकवा. एसटीचा नंबर, नोट, मोबाइल सगळीकडे इंग्रजी आकडे असतात, ग्रामपंचायतीच्या पावतीवर कधी मराठी.

त्यानंतर दशांश चिन्ह, आणि ते शिकवायला साखर कारखान्याच्या वजनपावतीसारखं साधन नाही. भरलेल्या गाडीचं वजन २४.८६०, रिकामीचं ७.५१५, निव्वळ १७.३४५. टिंबाच्या डावीकडे टन, उजवीकडे किलो, आणि किलोची घरं नेहमी तीन. १७.०५ लिहिलं असेल तर ते ‘सतरा टन पाच किलो’ नाही, सतरा टन पन्नास किलो आहे. शेवटचं शून्य लिहायचं राहिलंय. एवढं कळलं की ऊसतोड टोळीतला माणूस मुकादमाच्या वहीशी आपली पावती ताडून बघतो.

पासबुकातही तीनच रकाने आधी: जमा, नावे, शिल्लक. ‘नावे’ म्हणजे आपल्या खात्यातून गेलेले, हे अर्ध्या वर्गाला उलटं वाटतं. बँकमित्राकडे अंगठा लावून पैसे काढले तर यंत्रातून निघणारी चिठ्ठी मागून घ्यायची, तिच्यावरची रक्कम आणि हातात पडलेली रक्कम सारखी आहे का बघायचं. खानापूर-आटपाडीकडे घरधनी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यावर परमुलखात, जावळी-पाटणकडे मुंबईत माथाडी कामावर. घरचे व्यवहार बाईच्या मोबाइलवर येतात. पिन फक्त पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे वाक्य प्रत्येकीने स्वतः लिहून मोबाइलच्या कव्हरमागे ठेवावं.

जतच्या पूर्व भागातल्या कन्नड बोलणाऱ्या गावांत वर्ग कन्नडमध्ये घ्या. जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा तिथे आहेत, शिकवणारे मिळतात. न बोलत्या भाषेत अक्षरओळख करून देणं म्हणजे दोन डोंगर एकदम चढायला लावणं.

ऊसतोडीचा वर्ग राज्याशिवाय होत नाही

बाकी सगळं एखादा जिल्हा स्वतःच्या हिमतीवर करू शकेल. हे नाही. बीडकडचं जोडपं दिवाळीच्या आसपास वाळव्याच्या थळावर येतं आणि मार्च-एप्रिलला परततं. नाव नोंदलेलं गावच्या शाळेत, माणूस इथल्या कोपीत, म्हणजे थळावरच्या झोपडीत. गावच्या यादीवर ते ‘गैरहजर’ आणि इथल्या यादीवर ते नाहीतच. जत-आटपाडीतून बाहेर जाणाऱ्या टोळ्यांचंही हेच.

राज्याने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, शिकणाऱ्याच्या हातात फिरतं प्रगतिकार्ड: किती तास झाले, कुठल्या धड्यावर आहे, चष्म्याचा नंबर. थळावरच्या वर्गाने ते बघून पुढचा धडा सुरू करायचा आणि तास त्याच कार्डावर चढवायचे. दुसरी, परीक्षा कुठल्याही जिल्ह्यात देण्याची मुभा. तिसरी, थळावरच्या वर्गाचा खर्च आणि जागा यांची जबाबदारी लेखी ठरवणं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि तेवढेच राज्याकडून, अशी तरतूद ठरलेली आहे. थळावर एक शेड, दोन दिवे आणि एक शिकवणारी बाई, एवढं त्यातून सहज बसतं.

इथे दीड तासाचा हट्ट धरू नका. टोळी पहाटे तीन-चारला उठते, गाडी भरायला रात्रही होते. गाडी खाली होऊन येईपर्यंतची दुपारची पाऊण तासाची फट हाच वर्ग. पुस्तकापेक्षा वजनपावती आणि आगाऊ घेतलेल्या उचलीची चिठ्ठी हेच धडे.

पैसा

नवभारत साक्षरता कार्यक्रमाची २०२२ ते २०२७ ची देशभरातली तरतूद १०३७.९० कोटी रुपयांची: केंद्राचे ७००, राज्यांचे ३३७.९० कोटी. उद्दिष्ट पाच कोटी माणसांचं. भागाकार केला तर पाच वर्षांत माणशी सुमारे २०८ रुपये येतात. त्यातच प्रशिक्षण, छपाई, परीक्षा सगळं. चष्मा, दिवा, समन्वयकाचा गाडीभत्ता यांना त्यात जागा नाही. म्हणून राज्याने आपलं वेगळं लेखाशीर्ष उघडावं, केंद्राच्या वाट्याला जोडून न ठेवता. केंद्राचा हप्ता लांबला की सगळंच थांबतं, हे टाळायचा तोच मार्ग.

पैसा किती याइतकंच कधी येतो याला महत्त्व आहे. जून-जुलैत वर्ग उभे राहतात आणि निधी फेब्रुवारीत उतरतो. मग ३१ मार्चच्या आत संपवायचा म्हणून फलक, टोप्या आणि मेळावे होतात. वर्षाच्या गरजेचा निम्मा निधी मेअखेर तालुक्याला पोचलेला हवा. गावपातळीवर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा १० टक्के वाटा वर्गाच्या दिव्या-जाजमाला वापरता यावा, असं राज्याने स्पष्ट परिपत्रक काढावं. परिपत्रक नसलं की ग्रामसेवक लेखापरीक्षणाच्या धाकाने हात आखडतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वर्गाचा ठराव, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत झालेल्या तासांचं वाचन. ते वर्गातल्याच कुणी वाचावं.

परीक्षा आणि तिच्यानंतर

पायाभूत चाचणी १५० गुणांची, तीन तासांची: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. राज्यात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ ला झाली. मार्चमध्ये ऊस, ज्वारी, बेदाणा सगळं अंगावर असतं, म्हणून सप्टेंबरची दुसरी संधीही दर वर्षी पक्की ठेवा आणि तारीख सहा महिने आधी सांगा. आधी घरच्यासारखी सराव चाचणी एकदा तरी घ्या. येत असूनही माणसं ‘पेपर’ या शब्दानेच गारठतात.

उत्तीर्ण झालेल्यांची पुढची पायरी त्याच दिवशी दाखवा. राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवीच्या परीक्षा आहेत. बचतगटाची लेखनिक, अशा कामाच्या आशेने शिकणाऱ्या बाईला हा जिना हवाच असतो. तालुक्याला एक अभ्यासकेंद्र आणि फी माफी, एवढं राज्याने करावं.

बाकीच्यांना परीक्षा नको असते, वाचायला काहीतरी हवं असतं. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. पण नुकतं अक्षर लागलेल्या माणसाला तिथलं बहुतेक पुस्तक जड जाईल. त्याला १६ ते २४ पानांची, १८ पॉइंटमधली, हळद-द्राक्षाची, औषधांची, कायद्याची, गोष्टींची पुस्तकं हवीत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत. अनुदान देताना अशा शंभर पुस्तकांचं एक फडताळ आणि आठवड्याला वाचनाची एक संध्याकाळ, अशी अट घाला, आणि पुस्तकं राज्याने छापून द्या.

नवसाक्षराच्या डोळ्यांपुढे सगळ्यात जास्त छापील मजकूर सरकारचाच येतो: रेशन दुकानाचा फलक, घरपट्टीची मागणी, योजनेचा अर्ज. ‘उपरोक्त विषयान्वये सूचित करण्यात येते की, सदर लाभार्थ्यांनी विहित मुदतीत दस्तऐवज सादर करावेत’ हे वाक्य सहा महिने शिकलेल्या बाईला लागत नाही, आणि दोष ती स्वतःला देते. तेच ‘हे कागद ३० तारखेच्या आत तलाठ्याकडे द्या’ असं लिहिलं तर ती वाचते. गावात लागणारी प्रत्येक सूचना १६ पॉइंटच्या वर, एका वाक्यात एकच काम, असा नियम राज्याने स्वतःला घालून घ्यावा. एखादी सूचना काढण्याआधी ती साक्षरता वर्गात वाचून बघा. जिथे अडखळतील तो शब्द बदला.

शेवटची तपासणी वर्षाने. उत्तीर्ण झालेल्या वर्गांपैकी वीसात एक वर्ग चिठ्ठी टाकून निवडा आणि दुसऱ्या तालुक्यातल्या समन्वयकाला तिथे पाठवा, हातात तीन कागद देऊन: एसटीचं वेळापत्रक, पासबुकाचं पान, ग्रामपंचायतीची ताजी सूचना. निम्म्यांहून जास्त अडखळले तर तो वर्ग सहा आठवड्यांसाठी पुन्हा उघडा, तीच बाई, तीच जागा, तोच वेळ ठेवून. त्याचा खर्च आधीच वर्षाच्या अंदाजपत्रकात धरलेला असावा.